फोटोफ्रेमसाठी ॲक्रिलिक: कापायचं कसं, आणायचं कुठून

बेळगावाहून निपाणीला किंवा कणकुंबीला बसमध्ये मांडीवर धरून फ्रेम न्यायची असेल, तर काचेच्या भानगडीत पडू नका. ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक कडक प्लॅस्टिक, बसवा. त्याचं वजन तेवढ्याच काचेच्या निम्म्याहून कमी भरतं आणि धक्का बसला तरी फोटोवर काचेच्या सुऱ्या पडत नाहीत. अपवाद एकच. कोळशाचं किंवा पेस्टलचं चित्र असेल तर काचच बसवा. ॲक्रिलिक पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि चित्रावरची सुटी पूड ते ओढून घेतं.

एका फ्रेमसाठी आठ बाय चार फुटांची अख्खी शीट घेणं म्हणजे पैशांची नासाडी. दुकानांचे बोर्ड आणि नावाच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे जा. उरलेले तुकडे त्यांच्याकडे भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. आपल्याकडे 'कटपीस' म्हणा नाहीतर कानडीत 'तुंडू' म्हणा, समोरच्याला कळतं. दीड फुटापर्यंतच्या फ्रेमला २ मिलिमीटर जाडी पुरते, त्याहून मोठीला ३ घ्या. घरी कापणार असाल तर 'एक्स्ट्रुडेड', म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली शीट मागा. ते स्वस्त पडतं, जाडी सगळीकडे सारखी असते आणि रेघेवर नीट तुटतं. 'कास्ट', म्हणजे साच्यात ओतून केलेली, लेझरने कापणाऱ्यांसाठी ठीक आहे.

तुकडा घेताना त्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेली पातळ फिल्म कोपऱ्यावर सोलून बघाच. उन्हात पडून राहिलेल्या तुकड्याची फिल्म भाजून चिकटते आणि मग ती नखाने खरवडत बसावं लागतं. ॲक्रिलिक म्हणून पॉलिस्टायरीन हे दुसरंच प्लॅस्टिकही गळ्यात मारतात. टेबलावर हलकेच आपटून ऐका. पत्र्यासारखा छणछण आवाज आला तर परत द्या, ते वर्षा-दोन वर्षांत पिवळं पडेल.

माप फ्रेमच्या मागच्या खाचेचं घ्या आणि लांबी-रुंदी दोन्हींतून २ मिलिमीटर कमी करा. मीटरभर ॲक्रिलिक दर १० अंशांना सुमारे ०.७ मिलिमीटर वाढतं. घट्ट बसवलेला तुकडा उन्हाळ्यात फुगून पुढे येतो.

आता कापणं. इथेच माल वाया जातो आणि इथेच लोक सर्रास चुकीचं सांगतात की 'जोर लावून एक रेघ मारा आणि मोडा.' हे ऐकून मी आजोबांच्या तालमीतल्या फोटोसाठी आणलेला तुकडा घालवला. रेघ शेवटच्या कडेच्या बोटभर अलीकडे थांबली होती. मोडताना तडा तिथवर सरळ आला आणि तिथून तिरका कोपऱ्यात गेला. त्या मापाचा दुसरा तुकडा मिळायला तीन आठवडे गेले.

म्हणून नीट ऐका. साधा कटर नको, आकड्यासारख्या वाकड्या पात्याचा ॲक्रिलिक कटर घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. स्टीलच्या पट्टीला खालून मास्किंग टेप लावा म्हणजे ती सरकणार नाही. फिल्म काढू नका, तिच्यावरूनच कापा. पहिल्या दोन-तीन रेघा अगदी हलक्या हाताने, फक्त वाट पाडण्यापुरत्या. इथे जोर लावलात तर पातं पट्टी सोडून पळतं आणि तो ओरखडा कायमचा राहतो. वाट पडली की हात थोडा दाबा आणि दर वेळी पातं पलीकडच्या कडेच्या बाहेरून सुरू करून अलीकडच्या कडेबाहेर काढा. बरोबर चाललं असेल तर पात्यासमोर नारळाच्या किसासारखी पांढरी वळवळती तार निघते. नुसता भुगा निघत असेल तर पातं बोथट झालंय. २ मिलिमीटरला दहा-बारा, ३ मिलिमीटरला वीसेक फेऱ्या लागतात. खाच जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी खोल गेली पाहिजे. नख घातल्यावर अडकलं नाही तर अजून फेऱ्या मारा.

मोडताना खाच वर ठेवून ती टेबलाच्या कडेवर तंतोतंत आणा. टेबलावरच्या भागावर लाकडी पट्टी पूर्ण लांबीभर दाबा आणि बाहेरचा भाग तळव्याने एका झटक्यात खाली दाबा. हळूहळू वाकवलंत तर तडा भरकटतो. बाहेरचा भाग दोन इंचांहून अरुंद असेल तर हा प्रकार करूच नका. तेवढी पट्टी सरळ तुटत नाही, ती बारीक दातांच्या करवतीनेच काढा.

कडा पात्याच्या पाठीने खरवडून घ्या.

बसवताना फोटो ॲक्रिलिकला टेकू देऊ नका, मध्ये जाड माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात फोटो चिकटला की सोडवताना त्याचा रंगच निघून येतो. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे, स्पिरिट, थिनर यातलं काहीही लावू नका, पृष्ठभागावर केसासारख्या चिरा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. फिल्म मात्र अगदी शेवटी, मागची पाठ ठोकण्याच्या मिनिटभर आधी काढा.