डेझी एकटीने: साठ जणांचं चेर्नारुस आपल्यापुरतं

डेझी हा चेर्नारुस नावाच्या काल्पनिक, झॉम्बींनी भरलेल्या प्रदेशात तग धरायचा ऑनलाइन खेळ. त्यात एकट्याने खेळण्याचं बटण नाही. अधिकृत सर्व्हरवर, म्हणजे जिथून खेळाचं जग चालतं तिथे, साठपर्यंत माणसं असतात आणि झॉम्बींपेक्षा त्यांचीच भीती जास्त. मला रात्री ओटा आवरल्यावर तास-दीड तास मिळतो. तो कुठल्या तरी अनोळखी पोराच्या बंदुकीवर ओवाळून टाकायची माझी तयारी नाही. म्हणून मी घरच्याच कॉम्प्युटरवर माझा सर्व्हर चालवते. त्याला कोडिंग यावं लागत नाही, नोटपॅड उघडता आलं की झालं. फाइलींची नावं आणि आकडे मी इथे देवनागरीत लिहितेय, टाकताना मात्र इंग्रजीतच टाका.

स्टीम या खेळांच्या दुकानाच्या ॲपमध्ये, लायब्ररीत वरच्या यादीत 'टूल्स' निवडा. खेळ विकत घेतलेला असेल तर तिथे 'डेझी सर्व्हर' फुकट मिळतो. त्याच्या फोल्डरात 'सर्व्हरडीझेड.सीएफजी' ही फाइल असते. तिच्यात 'मॅक्सप्लेयर्स' १ करा, म्हणजे दुसरं कुणी घुसायचा प्रश्नच नाही. 'सर्व्हरटाइमॲक्सलरेशन' ६ ठेवलं तर खेळातला दिवस-रात्र मिळून चार तासांत संपतो. 'सर्व्हरटाइमपर्सिस्टंट' १ करायला विसरू नका. मग काल खेळात संध्याकाळ असताना थांबलात तर आज तिथे संध्याकाळीच सुरू होतं. नकाशाचं मिशन, म्हणजे त्याच्या फाइलींचा फोल्डर, मुळातच 'डेझीऑफलाइन.चेर्नारुसप्लस' या नावाचं आहे. ऑफलाइन खेळता येत नाही त्या खेळात हे नाव कुणाला सुचलं देव जाणे.

आता मॉड, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या जोड-फाइली. स्टीमच्या वर्कशॉपवर डझनभर बंदुकांचे आणि गाड्यांचे मॉड दिसतील, त्यांना हात लावू नका. एकट्याच्या खेळात बंदुका कमी पडत नाहीत, माणसं कमी पडतात. किनाऱ्यावरून चेर्नोगोर्स्कला जाताना पलीकडच्या खिडकीत कुणी आहे का, हा संशयच गेला तर राहतं ते फक्त डबे गोळा करणं. त्यामुळे मी 'एक्सपान्शन एआय' घालते. ही संगणकाने चालवलेली माणसं गस्त घालतात, झॉम्बींशी लढतात आणि आपल्यावर गोळ्याही झाडतात. त्यासाठी 'कम्युनिटी फ्रेमवर्क', 'डॅब्स फ्रेमवर्क' आणि 'एक्सपान्शन कोअर' हे तीन आधी लागतात. ॲडमिन टूलचा मॉड मुद्दाम घेत नाही. एका क्लिकवर जेवण येत असेल तर भूक लागल्यावर क्लिक होतंच.

सबस्क्राइब केलेले मॉड खेळाच्या फोल्डरात '!वर्कशॉप' नावाच्या लपवलेल्या फोल्डरात उतरतात. विंडोजमध्ये लपवलेल्या फाइल दाखवा, @ ने सुरू होणारे ते फोल्डर सर्व्हरच्या फोल्डरात कॉपी करा. प्रत्येकाच्या आत 'कीज' असतात. त्यातली '.बायकी' फाइल (मॉडची ओळख पटवणारी किल्ली) सर्व्हरच्या 'कीज' फोल्डरात टाकायची. आत शिरता शिरताच हाकलून दिलं तर बहुतेक वेळा हेच राहिलेलं असतं. मग एक बॅच फाइल (डबल-क्लिक केल्यावर सर्व्हर सुरू करणारी) करून तिच्यात सर्व्हरच्या प्रोग्रॅमचं नाव, 'कॉन्फिग', 'पोर्ट', 'प्रोफाइल्स' आणि 'मॉड' ही कलमं लिहा. मॉडची नावं अर्धविरामाने जोडा, कम्युनिटी फ्रेमवर्क पहिला. सर्व्हर उभा राहिला की खेळाच्या लाँचरमध्ये तेच मॉड टिक करून १२७.०.०.१, पोर्ट २३०२ वर थेट जोडा.

इथवर आलात की चेर्नारुस तुमचं. पण ते जसंच्या तसं ठेवलं तर फार सोपं जातं. कारण लूट, म्हणजे जागोजागी पडलेलं सामान, खेळाडूंच्या संख्येवर ठरत नाही. 'टाइप्स.एक्सएमएल' मध्ये प्रत्येक वस्तूपुढे 'नॉमिनल' हा आकडा असतो: सगळ्या नकाशावर मिळून साधारण इतके नग ठेवायचे. साठ जणांत वाटून जायचं ते तुम्ही एकट्याने वेचता. डबाबंद खाण्याचे नॉमिनल मी तिसऱ्या हिश्शावर आणते, त्याबरोबर 'मिन' (किमान नग) सुद्धा, कारण मिन नॉमिनलपेक्षा मोठा ठेवून चालत नाही. कोंबडी, मासे, सफरचंदं तशीच राहू द्या. चाकू शोधायचा, विस्तव पेटवायचा, हे सगळं मग खरोखर करावं लागतं.

झॉम्बी वाढवायचे तर लोक 'ग्लोबल्स.एक्सएमएल' मधला 'झॉम्बीमॅक्सकाउंट' फुगवतात. तो मूळचा १००० असतो आणि ती सगळ्या सर्व्हरची कमाल मर्यादा आहे. झॉम्बी खेळाडूच्या आसपासच उगवतात, तेव्हा एकट्या माणसाला तिथवर पोचणं शक्यच नाही. खरा आकडा 'एन्व्ह' फोल्डरातल्या 'झॉम्बी_टेरिटरीज.एक्सएमएल' मध्ये, प्रत्येक ठिकाणापुढच्या 'डीमिन' आणि 'डीमॅक्स' (तिथले कमीत कमी आणि जास्तीत जास्त झॉम्बी) मध्ये आहे. शहरांचे वाढवा, खेडी तशीच ठेवा. एखादं गाव तरी दम खायला हवं.

एआयच्या फाइली पहिल्यांदा सर्व्हर चालवल्यावर आपोआप तयार होतात. त्यांत नेमबाजीचे 'ॲक्युरसीमिन' आणि 'ॲक्युरसीमॅक्स' हे आकडे ० ते १ मध्ये असतात, ते खाली आणा. एकटीला तीन जणांनी अचूक टिपलं तर त्यात गंमत काय? मी टोळ्या दोन-तीन माणसांच्याच ठेवते, आणि त्याही विमानतळाकडे. एखादा स्वल्पविराम चुकला तर ती फाइल वाचलीच जात नाही, म्हणून बदलण्याआधी प्रत काढून ठेवा.

हे सारे बदल पात्रावर जीव जडायच्या आधी करा. आधी पडलेली लूट आपली मुदत संपेपर्यंत तशीच राहते. नवं जग हवं असेल तर 'स्टोरेज_१' फोल्डर उडवावा लागतो आणि तुमचं पात्रही त्यातच असतं.

एस्केप दाबल्याने इथे काही थांबत नाही. बाळ रडलं, बेल वाजली, तरी लांडगा येतच राहतो. एखाद्या घरात शिरून दार लावा, 'एक्झिट' करा, पंधरा सेकंदांची उलटी मोजणी पुरी होऊ द्या, मग सर्व्हर बंद करा. तो बंद असेपर्यंत भूकही लागत नाही. खेळाचं अपडेट आलं की सर्व्हरही अपडेट करा आणि मॉडचे फोल्डर पुन्हा कॉपी करा, कारण सर्व्हरकडे असलेल्या प्रती आपोआप बदलत नाहीत.