झोपेची तपासणी करायची असेल तर डोक्याला तेल लावू नका

घरात कुणीतरी घोरतं आणि घोरता घोरता मध्येच गप्प होतं. पंधरा-वीस सेकंद काहीच नाही. मग एकदम घुसमटल्यासारखा आवाज, कूस बदलणं, आणि पुन्हा घोरणं सुरू. हे तुमच्या घरी होत असेल तर पुढचं वाचा.

मी स्लीप टेक्निशियन आहे. संध्याकाळी खांद्याला बॅग लावून दादर ते डोंबिवली कुठेही पेशंटच्या घरी जाते, अंगाला वायरी आणि पट्टे लावते, सकाळी यंत्र परत आणून रात्रभराची नोंद काढते. निदान डॉक्टर करतात. पण त्यांच्या हातात काय पडणार हे त्या एका रात्रीवर ठरतं, आणि ती रात्र लोक सहज वाया घालवतात.

आधी शेजारच्या उशीचं ऐका

घोरणाऱ्याला विचारून काही उपयोग नसतो. "मी कुठे घोरतो?" हेच उत्तर येतं. खरी माहिती बायकोकडे, नवऱ्याकडे, खाली गादी टाकून झोपणाऱ्या मुलाकडे असते. परळच्या एका काकू म्हणाल्या, "ह्यांच्या घोरण्याची सवय झाली हो ताई, पण घोरणं थांबलं की मला जाग येते." पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी डॉक्टरांना हवी असलेली नेमकी खूण पकडली होती. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. पूर्ण न थांबता हवेचा प्रवाह निदान ३० टक्क्यांनी कमी झाला आणि सोबत रक्तातला ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली, तर तो हायपॉप्निया.

मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. छाती, पोट आणि तोंड तिन्ही एका चौकटीत आली पाहिजेत, कारण छाती हलतेय पण घशातून हवा जात नाही हेच बघायचं असतं. तो रात्री अकराला काढू नका, पहाटे तीन-चारच्या पुढे काढा. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, तेव्हा घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात आणि श्वास जास्त अडतो. एक मोबाइल उशाला टेकवून ठेवला की काम होतं. पेशंट सकाळी चिडेल, चिडू द्या.

हे फक्त लठ्ठ माणसांचं दुखणं, असं समजू नका. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या हेल्थ चेकअपला आलेले ३५ ते ६५ वयाचे पुरुष त्यात होते, म्हणजे आपल्याला काही झालंय असं न वाटणारे. त्यांच्यात झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं, आणि त्यासोबत दिवसा झोप येण्याचा त्रास ७.५ टक्क्यांना. त्यात बायका नव्हत्याच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या १९९३च्या अभ्यासात बायका होत्या, त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के आलं. माझ्या अनुभवात बायकांचं घोरणं घरात कुणी ऐकतच नाही, कारण त्या सगळ्यांत शेवटी झोपतात. त्यांची तक्रारही वेगळी असते: सकाळी डोकं दुखतं, दिवसभर अंगात त्राण नाही, रात्री झोप लागत नाही. पाळी गेल्यावर धोका वाढतो. बाईने अशी तक्रार केली की "ॲनिमिया असेल, गोळ्या घे" म्हणून मोकळं होऊ नका.

फॉर्म भरताना मुंबईचा हिशोब धरा

डॉक्टरांकडे दोन फॉर्म मिळतात. स्टॉप-बँग हा टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी २००८ साली मांडला. त्यात आठ प्रश्न: घोरणं, दिवसाचा थकवा, कुणी श्वास थांबताना पाहिलाय का, रक्तदाब, वजन, वय ५० च्या पुढे आहे का, मानेचा घेर, आणि पुरुष आहात का. तीन 'हो' आले तर पुढे तपासायचं, पाच किंवा जास्त आले तर टाळाटाळ नको. मान मोजायला टेप नसेल तर शर्टाची कॉलर बघा, १६ नंबर म्हणजे ४० सेंटिमीटरच्या जरा वर. वजनासाठी त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ च्या वर असण्याची अट आहे. ती आपल्याकडे फारच ढिली आहे, भारतीयांना २५ लाच लठ्ठ धरतात. तेव्हा त्या प्रश्नाला 'नाही' आलं म्हणून खूश होऊ नका.

दुसरा फॉर्म एपवर्थचा. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी तो १९९१ साली केला. आठ प्रसंग, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर. यात एक प्रसंग आहे, तासभर गाडीत प्रवासी म्हणून बसलात तर डुलकी लागेल का? सकाळी ७:१२ ची विरार पकडणाऱ्या माणसाला हे काय विचारायचं! ट्रेनमध्ये बसायला मिळालं की अख्खा डबा झोपतो. दुपारच्या पडण्याच्या प्रश्नाचंही तेच, रविवारी मटण-भात झाल्यावर कोण जागं राहतं? म्हणून मी सांगते, दोन उत्तरं नीट विचार करून द्या. कुणाशी बोलता बोलता डोळा लागतो का, आणि सिग्नलला गाडी दोन मिनिटं थांबली तर झोप लागते का. टॅक्सी, रिक्षा, बस चालवणाऱ्यांनी दुसऱ्या प्रश्नाला 'हो' असेल तर ते लपवू नये. तुम्ही दिलेलं उत्तर नोकरीच्या फॉर्मवर जात नसतं, केसपेपरवर जातं.

नाक आणि घसा दाखवून घ्या, पण ऑपरेशनची घाई नको

पहिली भेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा छातीच्या डॉक्टरांकडे, कुठेही चालते. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत ईएनटीची ओपीडी आहे, फक्त सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. डॉक्टर दुर्बिणीने नाक बघतील: हाड वाकडं आहे का, पॉलिप, म्हणजे मऊ गाठ, आहे का, टॉन्सिल केवढे, जीभ घसा किती झाकते. "हाड सरळ केलं की घोरणं जाईल" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर दुसरं मत घ्या. नाकाच्या ऑपरेशनने नाक मोकळं होतं, पुढे उपचाराला हवेचं मशीन लागलं तर त्याचा मास्क सोसणं सोपं जातं, पण अडथळा बहुतेक मोठ्या माणसांत जिभेमागे आणि टाळूमागे असतो. नुसत्या नाकाच्या ऑपरेशनने श्वास थांबणं क्वचितच पूर्ण जातं.

मुलांची गोष्ट निराळी. मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, अंथरूण ओलं करतं, टीव्हीचा आवाज वाढवत नेतं, अशा वेळी नाकामागची ॲडेनॉइडची गाठ बघून घ्या. ती फुगली की कानाला हवा पुरवणारी नळी दबते, पडद्यामागे पाणी साचतं आणि मूल कमी ऐकतं. वर्गात "लक्ष नाही" म्हणून ओरडा खाणारी कितीतरी पोरं अशी असतात. ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टॉन्सिल-ॲडेनॉइड लगेच काढलेल्यांपैकी ७९ टक्क्यांची झोप-तपासणी सात महिन्यांत नॉर्मल आली. नुसतं लक्ष ठेवून थांबलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची आली. म्हणजे सौम्य त्रासात थांबून बघणं हाही मार्ग आहे, डॉक्टरांशी बोलून ठरवा.

तपासणीची रात्र

आता माझ्या कामाचं. लॅबमध्ये रात्र काढायची असेल तर डोक्याला, डोळ्यांपाशी, हनुवटीला, पायांना वायरी लागतात आणि झोपेचे टप्पेही कळतात. घरच्या तपासणीत साधारण तीनच गोष्टी: नाकात नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर.

लॅबला जाणार असाल तर त्या दिवशी केस शाम्पूने धुवा आणि तेल लावू नका. आपल्याकडे आजी-आजोबा "बाहेर झोपायचंय" म्हणून खास चापून तेल लावून येतात. मग मी अर्धा तास स्पिरिटने डोकं पुसत बसते, तरी पहाटे दोन वायरी निघालेल्या असतात. घरच्या तपासणीला तेल चालेल, पण गालाला क्रीम किंवा पावडर नको. नाकातली नळी गालावर चिकटपट्टीने धरलेली असते, आणि मुंबईच्या घामात ती रात्री दोनपर्यंत टिकत नाही. गाल कोरड्या फडक्याने पुसून मगच पट्टी लावा, दाढी असेल तर कानाजवळही एक लावा. नळीची दोन टोकं नाकात जाताना खालच्या बाजूला, ओठांकडे वाकलेली हवीत. ती उलटी बसली तर श्वास चालू असूनही कागदावर रेघ सपाट येते.

ऑक्सिमीटरच्या बोटावर नेलपॉलिश किंवा ताजी मेंदी नको. वायर हाताच्या पाठीवर एक वेटोळं देऊन चिकटवा, म्हणजे कूस बदलली तरी लाल दिवा बोटावरून घसरत नाही. मच्छरदाणी आधी खोचा, मग वायरी लावा.

दुपारी झोपू नका, चारनंतर चहा नको. सर्दीने नाक चोंदलं असेल तर तारीख पुढे ढकला. झोपेची गोळी किंवा रोजचा पेग असेल तर आधी डॉक्टरांना खरं सांगा, मनाने बंदही करू नका आणि त्या रात्रीपुरतं वाढवूही नका. थोडा वेळ तरी पाठीवर झोपा. त्याच अंगावर श्वास सर्वांत जास्त अडतो, आणि लोक नेमके "वायरी निघतील" म्हणून रात्रभर एका कुशीवर अवघडून पडतात. एकाच खोलीत चौघे झोपत असाल तर दुसऱ्या घोरणाऱ्याला त्या रात्री बाहेर धाडा, काही यंत्रांत माइक असतो आणि त्याला कोण घोरतंय ते कळत नाही. आणि लालबाग-गिरगावकरांनो, गणपतीत तारीख घेऊ नका. ढोल-ताशांच्या रात्री कुणाचीच झोप मोजण्यालायक नसते.

उठल्यावर एका कागदावर लिहून ठेवा: दिवा किती वाजता घालवला, किती वेळा जाग आली, अंदाजे किती झोपलात. हा कागद का हवा ते पुढे बघा.

रिपोर्ट वाचताना

सगळे एकच आकडा बघतात, एएचआय. ताशी किती वेळा श्वास थांबला किंवा कमी झाला, तो. मोठ्या माणसांत ५ च्या खाली नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, वर तीव्र. मुलांना हे कोष्टक लागू नाही, त्यांच्यात १ च्या वर गेला तरी दखल घेतात.

घरच्या यंत्राला तुम्ही झोपलात की छताकडे बघत पडलात हे कळत नाही, ते नोंदीच्या सगळ्या तासांनी भागतं. समजा ७ तासांत ८४ वेळा श्वास अडला. भागाकार १२, म्हणजे सौम्य. पण तुम्ही प्रत्यक्षात ४ तासच झोपला असाल तर तोच आकडा २१, म्हणजे मध्यम. म्हणून तो कागद. घरची तपासणी नॉर्मल आली आणि त्रास मात्र ठळक असेल, तर लॅबची तपासणी मागून घ्या.

मग आणखी तीन ओळी शोधा: ऑक्सिजन सर्वांत खाली किती गेला, ९० टक्क्यांच्या खाली किती वेळ राहिला, आणि पाठीवरचा व कुशीवरचा आकडा वेगवेगळा काय आहे. पाठीवर २५ आणि कुशीवर ४ असेल, तर डॉक्टर आधी कुशीवर झोपायची सवय लावायला सांगू शकतात.

मशीन

सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ते मांडलं. ऑनलाइन स्वस्त दिसलं म्हणून विकत घेऊ नका. आधी महिनाभर भाड्याने घ्या, दाब डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि मास्क आडवं पडून बसवून बघा. दुकानात खुर्चीवर छान बसलेला मास्क उशीवर गळतो.

"सीपॅपने हृदयाला फायदा होत नाही, असं संशोधन आहे" असं सांगणारे भेटतील. आहे. २०१६च्या सेव्ह चाचणीत आधीपासून हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७१७ लोक होते, आणि मशीनने पुढचे झटके कमी झाले नाहीत. पण त्यात लोकांनी मशीन सरासरी रात्री ३.३ तास वापरलं, हे सांगायचं राहून जातं. आणि दिवसाची झोप त्यातही कमी झाली होती. मी तरी पहिल्या आठवड्यात संध्याकाळी टीव्ही बघताना मास्क लावून बसायला सांगते, रात्रीची झटापट कमी होते.

पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की बहुतेकांना ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनची हवा ओलसर करणारं भांडं, लागत नाही. एसीत तो लावलात तर मात्र नळीत पाणी साचून नाकावर थेंब पडतात; नळी पांघरुणाखालून घ्या. फिल्टर जुलै-ऑगस्टमध्ये जास्त वेळा बघा, काळे ठिपके दिसले की बदला.

शंख फुंकून हा त्रास कमी होतो का, असं हल्ली सगळे विचारतात. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या जयपूरच्या अभ्यासात मध्यम त्रास असलेले ३० लोक होते. सहा महिने शंख फुंकणाऱ्यांचे श्वास थांबण्याचे प्रसंग, नुसता दीर्घश्वसन करणाऱ्यांपेक्षा, ताशी चार-पाचने कमी झाले. तीस माणसांचा अभ्यास आहे. फुंका जरूर, शेजारी परवानगी देत असतील तर, पण डॉक्टरांनी मशीन सांगितलं असेल तर ते बंद करून नाही.

महिना झाला की मशीनमधली नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तीन आकडे विचारा: रोज किती तास लागलं, हवा किती गळतेय, आणि मशीन लावूनही एएचआय किती उरलाय. गळती जास्त असेल तर मशीनला दोष देण्याआधी मास्कचा साइज बदलून मागा.