एलएल.बी.च्या पहिल्या वर्षासाठी पूरक पुस्तके कशी निवडावीत

एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की वरच्या वर्गातील मुलांकडून पुस्तकांची यादी मिळते, दुकानदार तिच्यात आणखी दोन नावांची भर घालतो आणि झेरॉक्सच्या दुकानात नोट्सचा गठ्ठा तयारच असतो. हे सगळे एकदम विकत घेणाऱ्याचे त्यातले एकही पुस्तक सत्र संपेपर्यंत धड वाचून होत नाही, असे सहसा दिसते. म्हणून आपल्याला नेमके काय अडते आहे हे कळल्याशिवाय पूरक पुस्तक घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. कलमाची भाषा कळत नाही, निवाडे लक्षात राहत नाहीत, की सगळे समजूनही उत्तर लिहिता येत नाही, या तीन वेगळ्या अडचणी आहेत आणि तिन्हींवर एकच पुस्तक चालत नाही.

सुरुवात बेअर अ‍ॅक्टपासून करावी. मूळ अधिनियमाला पूरक म्हणणे चुकीचे ठरेल, पण अनेक विद्यार्थी त्याला तसेच वागवतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतात. भारतीय संविदा (कायद्याने बंधनकारक करार) अधिनियम, 1872 च्या कलम 73 खाली नुकसानभरपाईचे डझनाहून अधिक दृष्टांत, म्हणजे उदाहरणे, दिलेले आहेत. समस्याप्रधान प्रश्न बेतले जातात ते बहुतेक अशाच दृष्टांतांवरून, त्यामुळे ते एकेक करून स्वतः सोडवणे हाच उत्तम सराव आहे. बेअर अ‍ॅक्ट निवडताना मोठा टाइप, कोरा समास आणि अलीकडची आवृत्ती एवढे पाहिले तरी पुरते. अधिनियमाचा मजकूर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, तरीही छापील प्रत जवळ असावी, कारण पेन्सिलने खुणा केलेले कलम लवकर पाठ होते.

त्यानंतर विषयाचा स्वभाव पाहावा, कारण पूरक पुस्तकाची निवड खरी तिथे ठरते. संविदा आणि फौजदारी कायदा यांना अधिनियमाचा भक्कम आधार आहे, म्हणून तेथे कलमानुसार समजावून सांगणारे पाठ्यपुस्तक उपयोगी पडते. अपकृत्य (टॉर्ट, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान करणारे दिवाणी गैरकृत्य) कायद्याचे तसे नाही. तो संहिताबद्ध नसल्यामुळे त्याला बेअर अ‍ॅक्टच नाही आणि सगळा विषय निवाड्यांतून उभा राहतो. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या 1868 च्या इंग्लिश निवाड्यातील कठोर दायित्वाचे तत्त्व आणि त्याचे अपवाद समजल्याशिवाय दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986 मध्ये कोणत्याही अपवादाविना संपूर्ण दायित्व का स्वीकारले, हे कळत नाही. या विषयासाठी पैसे खर्च करायचे असतील तर ते निवाड्यांतील वस्तुस्थिती आणि कारणमीमांसा देणाऱ्या केसबुकवर करावेत. संविधानाच्या बाबतीत दोन्ही लागते, पण पहिल्या वर्षाला जाडजूड बहुखंडी भाष्यग्रंथ विकत घेण्याचे काहीही कारण नाही. तो ग्रंथालयात बसून संदर्भापुरता वाचावा.

दुकानात उभे राहून पुस्तक पारखण्याची एक सोपी रीत आहे. ज्या विषयाचे पुस्तक घ्यायचे त्यातील एकच मुद्दा आधी नीट समजून घ्यावा आणि प्रत्येक पुस्तकात तोच काढून पाहावा. संविदेसाठी मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाचा, 1903 चा निवाडा घ्या. अज्ञानाने, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या व्यक्तीने, केलेला करार आरंभापासूनच शून्य असतो, एवढे एक वाक्य प्रत्येक गाइडमध्ये सापडेल. पण सावकाराला करून दिलेल्या वीस हजार रुपयांच्या गहाणखताविरुद्ध अज्ञानाच्या वतीने न्यायालयात काय मागितले होते? अज्ञानाने वय खोटे सांगितले म्हणून त्याला आता अज्ञानपणाचा बचाव घेता येणार नाही, हा सावकाराचा युक्तिवाद का टिकला नाही? कारण सावकारातर्फे व्यवहार पाहणाऱ्या माणसाला खरे वय आधीच कळवलेले होते, आणि ज्याला सत्य ठाऊक आहे त्याची दिशाभूल झाली असे म्हणता येत नाही. दिलेली रक्कम परत मिळावी ही मागणी कलम 64 व 65 खाली का फेटाळली गेली, याचेही उत्तर पुस्तकात हवे. ही कलमे सक्षम पक्षांमधील संविदा गृहीत धरतात आणि येथे संविदाच जन्माला आली नव्हती. हे तिन्ही मुद्दे ज्या पुस्तकात सलग आणि समजेल अशा भाषेत सापडतील ते घ्यावे, मग ते पातळ असले तरी चालेल. केवळ निवाड्याचे नाव, वर्ष आणि एका ओळीचा निष्कर्ष देणारे पुस्तक उजळणीला ठीक आहे, शिकायला नाही.

आवृत्तीकडे मात्र सध्या डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. भारतीय न्याय संहिता, 2023 ही 1 जुलै 2024 पासून लागू झाली आणि भारतीय दंड संहितेची 511 कलमे जाऊन तेथे 358 कलमे आली. खुनाची व्याख्या कलम 300 मधून 101 मध्ये आणि शिक्षा 302 मधून 103 मध्ये गेली. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा अन्यत्र 2023 पूर्वीचे पुस्तक अर्ध्या किमतीत मिळते म्हणून मोहात पाडते. ते एकमेव पुस्तक म्हणून घेऊ नये. मात्र ते अगदीच टाकाऊ आहे असेही मानू नये, कारण विरसा सिंग किंवा नानावटी यांसारखे खुनाच्या खटल्यांतील सर्व महत्त्वाचे निवाडे जुन्या कलमांच्या भाषेत आहेत आणि 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांना आजही जुनी संहिताच लागू होते. नव्या पुस्तकात जुन्या-नव्या कलमांचा तुलनात्मक तक्ता असावा, आणि विरसा सिंग प्रकरणातील चर्चा जुन्या कलम 300 च्या ‘तिसऱ्या’ खंडावर होती, तो आता कलम 101 च्या इंग्रजी मजकुरातील खंड ‘सी’ आहे, हे लेखकाने सांगितलेले असावे. नुसते आकडे बदलून छापलेली पुस्तके अशा ठिकाणी लगेच ओळखू येतात.

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 ची कसोटी याहून लहान आहे. कलम 34 मध्ये जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालणाऱ्या तक्रारींची मर्यादा एक कोटी रुपये लिहिलेली आहे, पण डिसेंबर 2021 च्या नियमांनी ती पन्नास लाखांवर आणली. पुस्तक अजून एक कोटीच सांगत असेल तर ते खाली ठेवावे. कामगार कायद्यात 29 केंद्रीय कायद्यांची जागा घेणाऱ्या चार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत. आपल्या विद्यापीठाची परीक्षा जुन्या अधिनियमांवर आहे की संहितांवर, हे प्राध्यापकांना विचारल्याशिवाय या विषयाचे काहीही विकत घेऊ नये.

मराठी माध्यमातून परीक्षा देणाऱ्यांना निवडीला वाव कमी असतो, म्हणून त्यांनी जास्त जपून निवड करावी. पुस्तकात कलमाचा मूळ इंग्रजी मजकूर किंवा निदान मुख्य इंग्रजी संज्ञा शेजारी दिलेल्या असाव्यात, कारण निवाडे इंग्रजीतच वाचावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निवाड्यांचे मराठी अनुवाद मिळतात. समजून घेण्यासाठी ते जरूर वाचावेत, पण अधिकृत मजकूर इंग्रजीच मानला जातो. मूळ निवाड्यांसाठी ‘ई-एससीआर’ हा सर्वोच्च न्यायालयाचा ऑनलाइन निवाडासंग्रह विनामूल्य आहे. वाचताना हेडनोटवर, म्हणजे सुरुवातीला छापलेल्या सारांशावर, थांबू नये, कारण हेडनोट हा निवाड्याचा भाग नसतो.

गाइड आणि प्रश्नोत्तरसंच यांना नाक मुरडण्याची गरज नाही. नोकरी करून संध्याकाळच्या किंवा सकाळच्या वर्गाला येणाऱ्या विद्यार्थ्याकडे वेळच नसतो, आणि त्याच्यासाठी नीट लिहिलेले गाइड हा मोठा आधार असतो. फक्त ते विषय एकदा वाचून झाल्यावर, शेवटच्या महिन्यात घ्यावे. उत्तरसंचात मागील प्रश्नपत्रिका आपल्याच विद्यापीठाच्या आणि आपल्याच अभ्यासक्रमाच्या आहेत ना, हे आधी तपासावे. छापलेले उत्तर वाचण्यापूर्वी स्वतः घड्याळ लावून उत्तर लिहावे, मग ताडून पाहावे. आपल्या उत्तरात कलम आहे पण निवाडा नाही, की निवाडा आहे पण तो दिलेल्या वस्तुस्थितीला लावलेला नाही, हे तेव्हाच दिसते.

खर्चाचा विचार करता प्रत्येक विषयाला एक बेअर अ‍ॅक्ट (असेल तर) आणि एक पाठ्यपुस्तक किंवा केसबुक एवढे पुरेसे आहे. ही पुस्तकेही पहिले तीन-चार आठवडे ग्रंथालयातून आणून वाचावीत आणि जे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडावेसे वाटले तेच विकत घ्यावे. चार मित्रांनी चार वेगळी पुस्तके घेऊन आपसांत फिरवली, तर एकाच मुद्द्यावर चार लेखकांची मते वाचायला मिळतात.