‘स्टील’ की ‘रॉब’? चोरीचं इंग्रजी वाक्य न चुकता कसं लिहावं

गेली कित्येक वर्षं मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आणि मोठ्यांना इंग्रजी शिकवतो आहे. क्रियापदांच्या तक्त्यात ‘स्टील’ कुणाचं चुकत नाही, पण खरंच खिसा कापला गेला आणि अर्ज लिहायची वेळ आली की बहुतेकांचं चुकतं.

पहिली पायरी, रूपं : स्टील, स्टोल, स्टोलन. ‘स्टील्ड’ असं रूप नाही. भांड्याच्या स्टीलमध्ये दोन ‘ई’ असतात, चोरीच्या स्टीलमध्ये ‘ई’नंतर ‘ए’. उच्चार तोच. ‘रॉब’चं दोन्हीकडे ‘रॉब्ड’, लिहिताना ‘बी’ दोनदा.

दुसरी पायरी, साधं वाक्य : ‘समवन स्टोल माय फोन.’ ज्याच्याकडून चोरलं तो ‘फ्रॉम’ लावून शेवटी येतो : ‘समवन स्टोल अ वॉच फ्रॉम हिम.’

तिसऱ्या पायरीवर मात्र थांबा. बहुतेक गाइडांमध्ये लिहिलेलं असतं की ‘स्टील’ म्हणजे गुपचूप चोरणं आणि ‘रॉब’ म्हणजे जबरदस्तीनं लुटणं. अर्थ म्हणून हे बरोबर आहे, पण वाक्य लिहायला त्याचा काडीचाही उपयोग नाही. हे पाठ केलेला विद्यार्थी चाकू दाखवून फोन हिसकावल्याचं सांगताना हमखास ‘दे रॉब्ड माय फोन’ लिहितो. जबरदस्ती झाली म्हणून ‘रॉब’ घेतलं, आणि वाक्य चुकलं.

ही चूक आपल्या ‘लुटणे’मधून येते. ‘चोरणे’ हे क्रियापद शिस्तीचं आहे. आपण सोनं चोरलं म्हणतो, बँक चोरली असं कुणी म्हणत नाही. ‘स्टील’ तसंच चालतं, म्हणून तिथे आपण सहसा चुकत नाही. ‘लुटणे’ मात्र दोन्हीकडे चालतं. ‘दरोडेखोरांनी बँक लुटली’ हेही मराठी आणि ‘दहा लाख लुटले’ हेही मराठी. इंग्रजी ‘रॉब’ला यातलं पहिलंच चालतं. त्याच्यापुढे माणूस, बँक, दुकान, घर, म्हणजे ज्याचं गेलं ते येतं. जे गेलं ते सांगायचं तर ‘ऑफ’ लावून : ‘दे रॉब्ड हिम ऑफ हिज वॉच.’ इथे ‘फ्रॉम’ घालू नका. मराठीतला ‘कडून’ डोक्यात असल्यामुळे हात तिकडे जातो, म्हणून ‘रॉब समवन ऑफ समथिंग’ एवढा तुकडा अखंड पाठ करा.

कर्मणी प्रयोगात तर मी स्वतः फसलो होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी लोकलमध्ये माझं पाकीट मारलं गेलं आणि बँकेला लिहिलेल्या अर्जात मी पहिलंच वाक्य टाकलं : ‘आय वॉज स्टोलन इन द ट्रेन.’ त्याचा अर्थ, कुणीतरी मलाच उचलून नेलं. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज परत सरकवला आणि शांतपणे विचारलं, “सर, नेमकं काय गेलं?” त्या प्रश्नातच मला नियम सापडला आणि तेव्हापासून मी तोच शिकवतो. जे गेलं ते ‘स्टोलन’, जो मागे रिकाम्या हातानं उरला तो ‘रॉब्ड’. ‘माय वॉलेट वॉज स्टोलन.’ ‘आय वॉज रॉब्ड.’ वाक्य लिहून झालं की कर्त्यावर बोट ठेवा आणि विचारा, हा गेला की उरला?

आपलं ‘चोरीला गेलं’ शब्दशः न्यायला जाऊ नका. ‘वेंट इन थेफ्ट’ असं काही इंग्रजीत नाही, ‘वॉज स्टोलन’ पुरतं. आणि ‘काल सायकल चोरीला गेली होती’ यातल्या ‘होती’साठी ‘हॅड बीन’ आणू नका. काल म्हटलं की ‘वॉज स्टोलन यस्टरडे’.

पोलिसांकडे अर्ज करताना शब्द आणखी जपून वापरा. बोलताना खिसा कापला तरी ‘आय वॉज रॉब्ड’ चालतं, पण कायद्यात ‘थेफ्ट’ आणि ‘रॉबरी’ वेगळे गुन्हे आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम 303 मध्ये आहे, जबरी चोरी 309 मध्ये. मारहाण किंवा धमकी झालीच नसेल तर ‘रॉब्ड’ लिहू नका, ‘स्टोलन’ लिहा. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली तर तो दरोडा, कलम 310, आणि त्याला आपल्याकडचं कायद्याचं इंग्रजीही ‘डकॉइटी’च म्हणतं. घरफोडीला ब्रिटिश ‘बर्गल्ड’ म्हणतात, अमेरिकन ‘बर्गलराइज्ड’. आणि चोरीच झाली असेल तर ‘लॉस्ट’ लिहू नका. हरवणं आणि चोरीला जाणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, विम्याचा दावा करतानाही तो फरक पाहिला जातो.

शेवटची पायरी वाक्प्रचारांची. ‘नजर चोरणे’ म्हणजे डोळ्याला डोळा न देणं. ‘स्टील अ ग्लान्स’ म्हणजे हळूच बघून घेणं. अर्थ जवळजवळ उलटा, तेव्हा एकासाठी दुसरं वापरू नका. ‘अंग चोरणे’ला ‘स्टील’ मुळीच लागत नाही, कामात अंग चोरणाऱ्यासाठी ‘ही शर्क्स हिज वर्क’ म्हणा. एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषांचं छान जुळतं. बाळ नुकतंच झोपलेलं असतं, दाराची कडी वाजू नये म्हणून आई ती बोटानं धरून ठेवते आणि चोरपावलांनी बाहेर येते : ‘शी स्टोल आउट ऑफ द रूम.’ इथे काहीच चोरलेलं नाही, म्हणून ‘स्टोल’नंतर वस्तू शोधत बसू नका.