लागोपाठ सामन्यांच्या आठवड्यात मुलांचा थकवा कसा सांभाळावा

पावसाळ्यात शालेय फुटबॉल स्पर्धा सुरू झाल्या की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना कधी कधी सलग दोन-तीन दिवस चिखलाच्या मैदानावर खेळावे लागते. अशा वेळी प्रशिक्षकाने सर्वांत आधी सराव कमी करावा, कारण दमछाक करणाऱ्या सामन्यात स्नायूंमधील ग्लायकोजेनचा, म्हणजे ऊर्जेसाठी साठवलेल्या साखरेचा, साठा उतरतो आणि तो पुन्हा भरण्यास २४ ते ४८ तास, क्वचित त्याहूनही अधिक लागतात. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांना शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि ती मुलांवर अन्याय करणारी आहे. पूर्ण वेळ खेळलेल्यांना त्या दिवशी वीसेक मिनिटे चालायला लावून सांधे मोकळे करून घ्यावेत. राखीव खेळाडूंचा सराव वेगळा घ्यावा.

थकवा आल्याचे मुले आपणहून सहसा सांगत नाहीत, कारण संघातून वगळले जाण्याची त्यांना धास्ती असते. माझा एक बचावपटू बुटाची नाडी बांधताना गुडघ्याखालचे हाड हळूच दाबून पाहत होता; विचारल्यावर "काही नाही, सर" एवढेच म्हणाला. वाढीच्या वयात मांडीचा स्नायू नडगीच्या हाडाला जिथे ओढतो, तो भाग कोवळा असतो आणि सततच्या धावण्या-उड्यांनी दुखावतो. लंगडणाऱ्या मुलाला, सामना कितीही महत्त्वाचा असला तरी, खेळवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

यासाठी रोज सकाळी प्रत्येकाची झोप, भूक आणि दुखणे वहीत टिपावे. सामन्यानंतर अर्ध्या तासाने "दहापैकी किती दमलास?" असे विचारून तो आकडा खेळलेल्या मिनिटांनी गुणावा, ६० मिनिटे खेळून ७ सांगणाऱ्याचा भार ४२० होतो. हा आकडा त्याच मुलाच्या आधीच्या आकड्यांशी ताडावा, दुसऱ्याच्या नव्हे.

सामना संपताच केळी, चिक्की किंवा दूध द्यावे आणि दोनेक तासांत वरण-भात, उसळ किंवा अंडी असे पोटभर जेवण मिळेल असे पाहावे. सामन्यापूर्वी व नंतर वजन करून एक किलो घट दिसल्यास पुढील काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी थोडे थोडे पाजावे. पावसाळी गारव्यातही घाम जातो, याचा विसर पडू देऊ नये. रात्री ८ ते १० तास झोप आवश्यक असल्याने पालकांशी आधीच बोलून मोबाइल व उशिराची शिकवणी त्या आठवड्यापुरती बाजूला ठेवावी.