तोरणमाळच्या लॉजवर पाहुणे सांभाळताना : नव्याने येणाऱ्यांसाठी

शहादा, तळोदा, दोंडाईचा भागातली बारावी झालेली मुलं-मुली मला विचारतात, "ताई, लॉजवरचं काम शिकायचं तर सुरुवात कुठून करू?" मी सांगते, फोनपासून. तोरणमाळसारख्या ठिकाणी पाहुणा खूश होणार की चिडणार, हे बुकिंगच्या फोनवरच निम्मं ठरून जातं.

आमचं गाव सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून जास्त उंचीवर. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत सुमारे ५५ किलोमीटर, आणि त्यात सात पायरीचा घाट. पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढचं वळण दिसत नाही. अशा वाटेने लेकरंबाळं घेऊन आलेल्या माणसाला काउंटरवर "लाइट गेलीय, रेंज नाही" असं ऐकवलं तर तो भडकणारच. तेच आधी फोनवर सांगितलेलं असेल, तर तो स्वतःच बॅगेतून टॉर्च काढतो. म्हणून फोनवर न कचरता सगळं सांगा : अंधार पडायच्या आत घाट चढा, पेट्रोल शहाद्यातच भरा, थोडी रोकड जवळ ठेवा, इन्व्हर्टरवर दिवा आणि पंखाच चालेल, गरम पाणी सकाळी मिळेल. एवढं ऐकून काही जण बुकिंग करत नाहीत. जाऊ द्या. तो पाहुणा आला असता तरी नाराज होऊनच परतला असता.

त्याच फोनवर जेवणाचं विचारून घ्या. आमच्याकडे सुरतकडचे पाहुणे बरेच येतात. जैन कुटुंब असेल तर कांदा-लसूण चालत नाही, बटाट्यासारखी कंदमुळंही चालत नाहीत, आणि अनेकांना सूर्यास्ताआधी जेवायचं असतं. म्हणजे आचाऱ्याला दुपारीच कामाला लागावं लागतं. भाजीपाला खालून येतो, त्यामुळे ऐनवेळी मागवण्याची सोय नाही. बाकी पाहुण्यांना वांग्याचं भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी द्या. शहरातून आलेल्या माणसाला इथे पुन्हा पनीर बटर मसाला का खाऊ घालायचा, हे मला कधीच पटलं नाही. शेवभाजीची तर्री मात्र वेगळ्या वाटीत द्यावी, आपलं तिखट सगळ्यांना झेपत नाही.

एका पावसाळी रात्री नाशिकचं एक कुटुंब घाटात अडकून उशिरा पोचलं. सोबत आजी होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. लाइट नव्हती. आमच्या मावशींनी चुलीवरचं आधण बादलीत ओतलं, आजींना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "माय, पहिले पाय शेका." मुलगा आधार कार्ड शोधत होता, त्याला म्हटलं, दादा, नोंद चहा झाल्यावर करू. सकाळी त्याने यशवंत तलावाचं कौतुक केलं ते दोन वाक्यांत; गरम पाण्याच्या त्या बादलीबद्दल मात्र तो बराच वेळ बोलत होता. नोंद करावीच लागते, ओळखपत्र पाहावंच लागतं, विदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. पण आधी काय करायचं ते माणूस बघून ठरवा.

पावसाळ्यात खरी परीक्षा चादरींची. वरून कोरड्या वाटतात, पण ओल आत राहते आणि कुबट वास येतो. खोली देण्याआधी उशीच्या अभ्र्यात हात घालून बघा. शिवणीपाशी गारवा लागला तर अभ्रा बदला. जरा ऊन पडलं की गाद्या उभ्या करा, खिडक्या उघडा. हे काम कोर्समध्ये कुणी शिकवत नाही.

कोर्स करू नका असं मात्र मी म्हणणार नाही. बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा देऊन हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीला जाता येतं, आणि पुढे मोठ्या हॉटेलात जायचं असेल तर त्याचा उपयोग होतोच.

महाशिवरात्रीला गोरखनाथांच्या यात्रेला गुजरात, मध्य प्रदेशातूनही भाविक येतात. त्या काळात खोल्यांपेक्षा पाण्याची चिंता मोठी, टाक्या आधीच भरून ठेवा. आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्या लॉजवरची बरीच मुलं आजूबाजूच्या पाड्यांवरची, पावरा-भिल्ल समाजातली आहेत. त्यांना कुणी "ए पोऱ्या" म्हणून हाक मारली, तर पाहुण्याला मुलाचं नाव सांगा, शांतपणे, पण सांगाच. पाड्यावर जाऊन न विचारता बायकांचे फोटो काढू नका, हेही चावी देतानाच सांगा. नीट सांगितलं की लोक ऐकतात. जो ऐकत नाही, त्याच्यासाठी आपल्या माणसांचा अपमान होऊ द्यायचा नाही.

निघताना "सगळं ठीक होतं ना?" असं विचारू नका, त्यावर सगळे "हो" म्हणतात. "काय कमी पडलं?" असं विचारा आणि उत्तर समोरच वहीत लिहा. धुळ्याच्या एका काकूंनी सांगितलं होतं, बाथरूममध्ये कपडे अडकवायला खुंटी नाही. त्याआधी किती पाहुणे राहून गेले, कुणी बोललं नव्हतं. त्याच आठवड्यात शहाद्याहून खुंट्या मागवल्या आणि सगळ्या खोल्यांत ठोकल्या.