नवीन लॅपटॉप घेतलाय? मग हे करा

बॉक्स उघडला की आधी चार्जर लावा, आणि तीन पिनचा असेल तर प्लीज तिसरी पिन तोडून दोन पिनच्या सॉकेटमध्ये घुसवू नका, अर्थिंग नसलं की मेटल बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. मग वायफाय जोडून अपडेट पूर्ण होऊ द्या, मध्येच बंद करू नका. पासवर्ड लावा. विंडोज असेल आणि बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा, ती नसेल तर सगळा डेटा अडकतो.

आता गरम होण्याचं. गादीवर ठेवून पिक्चर बघायची सवय सोडाच, खालच्या जाळ्या बंद होतात, पंखा घरघरत राहतो आणि धूळ आत ओढली जाते. बहिणीचा लॅपटॉप उघडला तेव्हा पंख्यामागे राखाडी कापसासारखा जाड थर बसला होता! खाली साधा पाट ठेवला तरी चालतं. दिवसभर प्लगला लावून काम करत असाल तर सेटिंगमध्ये चार्जिंग लिमिट ८० टक्के करा, लिथियम बॅटरीला फुल चार्ज आणि उष्णता एकत्र सोसत नाही. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगलीये, चार्जिंग लगेच बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, सरळ सर्व्हिस सेंटर.

चहा सांडला तर चार्जर काढा, पॉवर बटण दाबून धरून बंद करा, तंबूसारखा उलटा ठेवा. हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबाही नको, आणि वाळल्यासारखा वाटला तरी दाखवल्याशिवाय चालू करू नका.